छाट

डॉक्टरनं पहिलं विचारलं, विडी ओढता का?
माझी जीभ तेव्हा उठत नव्हती.
श्रीलता म्हणाली, ओढत नाही, वळते.
एकोणतीस वर्षं. दिवसाला हजार.
त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं
आणि काळ्या फिल्मवर बोट ठेवलं:
चिंचोक्याएवढा डाग, डावीकडं.
डाग डावीकडं
आणि गेला उजवा हात.
कारखान्याच्या वहीतसुद्धा कधी कधी
एकीच्या विड्या दुसरीच्या नावावर चढतात.

गेला म्हणजे कुठं गेला नव्हता.
मांडीवर होता. गरम होता. बांगड्या होत्या.
डास बसला तर दिसायचा, कळायचा नाही.
कुणा बाईनं झोपलेलं मूल माझ्याकडं दिलं,
आत्ता येते म्हणाली,
आणि आलीच नाही, तसा.

जीभ आधी परतली.
पहिल्यांदा 'नीळ्ळु' म्हणाले,
चार दिवसांनी 'पाणी'.
हात दोन्ही भाषांत गप्प.

मंगळवारी, शुक्रवारी शिवलीला बिराजदार यायची
विडी घरकुलात, स्कूटीवरून,
हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून घरात शिरायची.
तिनं माझा चांगला हात बांधला,
वेणूच्या शाळेच्या मोज्यात, वरून सुतळी.
हा फार कामसू आहे, मावशी.
हा पुढं पुढं करतो, म्हणून तो उठत नाही.
अर्ध्या तोंडानं हसले मी.
आमची थोरली जाऊ अशीच होती.

मग एक दिवस मोजा काढला
आणि कपाटाचा निखळलेला आरसा
उभा केला दोन हातांच्या मधे.
उजवा मागं लपला.
डावा हलवा, म्हणाली, आरशात बघा,
फसवा स्वतःला.
डाव्यानं हवेतच वळली मी:
चिमूट, वळसा, अंगठ्यानं तोंड दाबणं.
आरशात उजवा हात कामाला लागला होता,
जणू मधले महिने कुणी सुट्टी दिली होती त्याला.
खोटं होतं, मला माहीत होतं.
तरी आरशामागं, मनगटापाशी,
एक मुंगी चालून गेली.

ते मेलेलं परत जगणार का गं? मी विचारलं.
नाही, म्हणाली. ते गेलं.
पण गड्ड्याच्या दिवसांत होम मैदानाकडचा रस्ता बंद असतो,
तेव्हा रिक्षावाला काय करतो?
बोळातून घालतो.
मग? डोक्यात बोळ पुष्कळ आहेत.
पण रोज गेलं पाहिजे. एकदा जाऊन
बोळाचा रस्ता होत नाही.
किती वेळा?
मोजू नका, म्हणाली.

मला म्हणते, मोजू नका.
मूठ मिट, मूठ उघड. उघडत नव्हती तरी उघड.
पंचवीस झाले की एक बंडल.
चाळीस बंडलं झाली की दिवस.
मजुरी नाही, पुस्तकात नोंद नाही,
भिंतीवर कोळशाच्या रेघा तेवढ्या.

पाचव्या दिवशी पाणी आलं, रात्री पावणेतीनला.
सगळी ओळ उठली, मोटारी, पाइप, घागरी,
श्रीलता पळाली, जावई पळाला,
वेणू झोपेतच बादली घेऊन.
घरात मी, आणि मांडीवर रिकामं सूप,
ते जवळ नसलं तर झोप येत नाही.
तेव्हा अंगठा
सुपाच्या कडेवर
एकदा सरकला.

मी हाक मारली नाही.
पाणी दीडच तास असतं.

संक्रांतीच्या आधी एक वळली.
एकच. सकाळी बसले, उन्हं खिडकीतून गेली तेव्हा झाली.
पोटात फुगलेली, तोंड उघडं,
दोरा दातांनी ओढून बांधलेला.
श्रीलतानं काही न बोलता
आपल्या हजारात सरकवली.

संध्याकाळी परतली ती तणतणत.
चेकरनं पाटीत हात घातला
आणि नेमकी तीच काढली, टाकली छाटीत.
कुणाची, विचारलंसुद्धा नाही.
श्रीलता डोळे पुसत होती पदरानं.
अगं, ते राहू दे, म्हटलं,
दोरा कुठं ढिला होता सांगितलं का त्यानं?
तोंडाकडं, का शेपटाकडं?