दंत्य

बर्स्लेमच्या दवाखान्यात माझं नाव पुकारतात:
"मिसेस टॅम... हॅन... कार?"
मी पर्स सावरत उठते.
आज दात मिळणार.

एकच हो. वरचा, डावीकडचा, पटाशीचा.
टोस्ट खाताना गेला. तोही मऊ होता.

टोस्टला कशाला बोल लावू?
चौऱ्याहत्तर साली मिरजेहून निघाले तेव्हा
बॅगेच्या तळाशी, ब्लाउजच्या घडीत, मशेरीची डबी होती.
आईनं दिलेली, वडिलांना न कळता.
दहाच्या सुट्टीत कारखान्यातल्या बायका सिगरेट ओढायच्या,
मी संडासात कडी लावून
हिरड्यांवरून बोट फिरवायचे.
डबी संपली की मावसबहीण पार्सल करायची.
वर लिहायची: मसाला.
एक्याण्णवला सोडली. डबीत आता सुया असतात.

बेथन, दात साफ करते ती वेल्सची पोरगी,
हिरडीत बारीक सळई घालून आकडे सांगते,
कोपऱ्यातली दुसरी लिहून घेते:
तीन. दोन. पाच. पाच. सहा, रक्त.
मी मनात बेरीज करते. फुटके कप असेच मोजायचो.
"दात धड आहेत तुमचे," ती म्हणते,
"खालची जमीन खचलीय."
मग मला, त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला,
दोरा धरायला शिकवते. बोटाला दोन वेढे,
करवत चालवायची नाही,
दाताला बिलगून खाली, हळू.
आठ महिने केलं. रोज, बातम्या बघत.
सहाचे चार झाले. बेथननं टाळी वाजवली.

तीस वर्षं मी कपांना कान चिकटवले.
ओला कप, ओला कान, मध्ये बोटभर पातळ चिखल.
भट्टीतून निघेपर्यंत कोण टिकलं ते कळत नसे.
तेव्हा डॉक्टर फेअरक्लफ दातांच्या रंगांची पट्टी घेऊन आले
तर मीच त्यांना म्हटलं, हा नको,
हा हॉटेलातला कप.
तो बघा, चहा मुरलेला. तो माझा.

शेजारच्या दाताला मागून पंख लावून चिकटवणार म्हणे.
म्हणजे कानच की!
किती टिकेल?
"दहा वर्षं. नशीब असेल तर जास्त."
आमच्याकडे एवढं कुणी सांगत नसे.

फट होती तेव्हा इंग्रजीचं अडलं नाही,
ती मला दुकानापुरतीच लागते.
मराठी मात्र दातांवर उभी आहे.
त, थ, द, ध. ताट. दूध. थोडं थांब.
आणि तो दुसरा च, लिहिताना वेगळा न दिसणारा,
चहातला नव्हे, चुलीतला.
दर रविवारी शरयूचा फोन यायचा, मी नुसती हं, हं.
"रागावलीस का गं?" तिनं विचारलं.

ऑगस्टात तिला दवाखान्यात हलवलं.
भाच्यानं फोन तिच्या कानाशी धरला.
मला म्हणायचं होतं, जग.
जीव धर, जग.
फटीतून वारा गेला आणि निघालं ते दुसरंच,
नकाशातलं, समुद्र आणि देश असलेलं जग.
नळ्यांच्या मधून शरयू म्हणाली,
"का? काय झालंय जगाला?"
आणि हसायला लागली. खोकेपर्यंत.
नर्स ओरडली.

आता डॉक्टर म्हणतात, साठपासून सत्तरपर्यंत मोजा.
सिक्स्टी-सिक्सला जीभ नव्या दाताला धडकते,
पाहुण्याच्या चपलेला अडखळावं तशी.
बेथन बारीक ब्रश देते, खालून घासायला.
"खोट्याला कीड लागत नाही," म्हणते,
"शेजाऱ्यांना लागते."

बसस्टॉपवर कुणी नाही. समोर जुनी भट्टी,
बाटलीसारखी, तिच्या तोंडावर कबुतरं.
मी मोठ्यानं म्हणते: चूल. चाळण. चांदणं.
जरा जड. पण चुलीतला च आहे, शंका नाही.
जग, म्हणते. पुन्हा, जग.

मिरजेत साडेनऊ झाले असतील.
घरी आलीय ती, लवकर झोपते.
तरी लावते.