रिकाम्या यादीतली सर्वांत मोठी खेप

गिल्विनेकच्या धक्क्याला बोटी चारनंतर लागतात,
साडेचारला लिलाव,
आणि पाचच्या आत माझ्या प्रोग्रॅमने सांगायचं असतं:
आज एकूण किती किलो,
आणि सर्वांत मोठी खेप कुणाची.

तीन आठवडे त्याने सांगितलं.
मंगळवारी तो मेला.
मंगळवारी वादळ होतं, एकही बोट गेली नव्हती,
लिलावघरात मी, फरशी धुणारा यान-बेर
आणि छपरावर कुरव पक्षी.
लिलावच नाही तर हिशेब कुणाला हवा होता?
पण स्क्रीनवर लाल ओळ, आणि मी असा
की लाल ओळ उशाशी घेऊन झोप येत नाही.

म्हणून आनाइग केर्सालेकडे गेलो.
एकोणतीस वर्षं तिने इथली वही लिहिली, निळ्या शाईने;
निवृत्त झाल्यावर गुडघे बदलून घेतले
आणि ब्रेस्तला संध्याकाळच्या वर्गात ओकॅमल शिकली.
"विणकाम जमेना," एवढंच कारण सांगते.

तिने चष्मा पुसला. कोड वाचला. पुन्हा पुसला.
"यादी म्हणजे मासा," म्हणाली.
"डोकं कापून हातात घ्यायचं,
शेपूट त्याच सुरीकडे परत द्यायचं.
शेपटाला पुन्हा डोकं, त्याच्या शेपटाला पुन्हा.
हे तुला येतं. छान येतं.
सुरी थांबते कधी, ते कुठे लिहिलंयस?"

मी म्हणालो, कंपायलर कुरकुरतो काहीतरी,
रोज, पिवळ्या अक्षरांत. मी खिडकी खाली सरकवतो.
"काय कुरकुरतो?"
वाचावं लागलं, मोठ्याने, वर्गात उभं केल्यासारखं:
'एक शक्यता राहिली आहे. उदाहरणार्थ, रिकामी यादी.'

तीन आठवडे. रोज. उदाहरणासकट.

बेरीज सोपी निघाली. काहीच नसेल तर शून्य.
त्याच झोकात पुढची ओळही ठोकून दिली:
सर्वांत मोठी खेप, काहीच नसेल तर शून्य.
तिने माझं बोट कळफलकावरून उचललं,
मुलाच्या ताटातला काटा उचलावा तसं.

"शून्य कुणाचं?
शून्य किलो आणणारी बोट कुठली? नाव सांग.
जाळं टाकलं, ओढलं, हाती काही लागलं नाही,
ते शून्य. त्यालाही डिझेल लागतं.
त्यालाही परत यावं लागतं."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून,
एवढं मला कळत होतं;
पण 'आडात नाही' हे कशात भरून आणायचं?
डबा आहे की, ती म्हणाली, या भाषेत.
डब्यात एक तर काहीतरी असतं, नाहीतर 'नाही' असतं,
आणि तो उघडल्याशिवाय कुणाला पुढे जाता येत नाही,
तुला नाही,
पाच वाजता आकडा मागणाऱ्या मालकालाही नाही.

लिहिलं. पिवळी अक्षरं गेली.
मी उठणार, तेवढ्यात तिने कपाटातून वही काढली,
ओल लागून फुगलेली,
त्यातलं एका फेब्रुवारीचं पान.
स्तेरेदेन, ४१२. गोएलान, ३०८.
लिझ-मारी, ०. तिचं जाळं खडकात फाटलं होतं, म्हणाली.
त्याखाली पेतीत आनाइग,
आणि पुढे आडवी रेघ. निळी. पट्टीने ओढलेली.

"साहेब म्हणाला, शून्य लिही, बेरीज तीच येते."
जरा थांबली.
"बेरीज तीच येते."

मी काही विचारलं नाही. बोटीचं नाव वाचता येत होतं.
मग तिने मला लोण्याचा केक दिला
आणि माझ्या फंक्शनांची नावं किती भिकार आहेत
यावर वीस मिनिटं बोलली.

शनिवारी पुन्हा वारा. एकही बोट नाही.
पाचला स्क्रीनवर आलं: एकूण ०.
सर्वांत मोठी खेप, आणि पुढे रेघ.
मालकाचा फोन: "ही रेघ कसली? बिघडलंय का काही?"
नाही, मी म्हणालो.
यान-बेर फरशी धूत होता,
आज तिच्यावर काही सांडलंच नव्हतं, तरी.