चौदा नगांचा संच

तो ठोकळा उचलू नका, साबेला, जड आहे.
चौदा नग, एकोणऐंशी युरो.
काचेत मांडलाय तो येणाऱ्याजाणाऱ्यांनी थबकावं म्हणून.
थबकतात. मग आत येऊन बल्ब घेतात.

चौदा कसे भरतात, दाखवतो.
सहा स्टेकच्या सुऱ्या, एकाच आईची लेकरं.
एक कात्री. धार लावायची एक कांब.
आणि ठोकळा स्वतःलाही मोजतो,
हो, लाकूडसुद्धा नगात धरलंय.
उरली पाच पाती. त्यातली दोन कशासाठी असतात
हे एकेचाळीस वर्षं या गल्ल्यावर बसून
मलाही धड सांगता येत नाही.

तुम्ही काय चिरता, ते बोला आधी.
बटाटे. कांदे. ग्रेलोसची कडसर जुडी.
रविवारचा पाव, ज्याचं कवच दाराच्या फळीसारखं.
नोव्हेंबरात चेस्टनट, त्यांना नुसती चीर द्यायची,
नाहीतर तव्यावर बंदुकीसारखे उडतात.
ऑक्टोपस? छे, त्याला सुरी लावलीत
तर जत्रेतली मोन्सा तिच्या तांब्याच्या हंड्यामागून हसेल.
तो कात्रीचा मामला.
म्हणजे झाल्या तीन. मोठी, छोटी, दातेरी.

ही धरून बघा.
अशी नाही, हातोडा नव्हे तो.
पुढे सरका, मूठ संपते तिथे,
पात्याला चिमटीत घ्या, मीठ घेतो तसं.
बाकीची बोटं नुसती सोबतीला.
आता मनगट काय म्हणतंय?
माझं ऐकू नका, मी विकायला बसलोय.

एकटीच बासष्टला आहे, लपवत नाही.
साधं पोलाद, त्यामुळे मानी.
ओली ठेवलीत तर गंजून दाखवेल,
लिंबू कापून तशीच टाकलीत तर सकाळी काळी.
पण पुसून ठेवलीत, तर टोमॅटोला
कापला गेल्याचं नंतर कळेल.

मागच्या गुरुवारी तुम्ही एक कप नेलात.
त्याच्या आधी कॉफीचं भांडं, एका कपाचं.
मी विचारलं नाही, आत्ताही विचारत नाही.
दुकानदाराला पावतीत बरंच दिसतं,
ते त्याने खिळ्यालाच टोचून ठेवावं.
एवढंच म्हणतो, तिकडे एखादा ठोकळा राहिला असेल
तर त्याची भरपाई म्हणून हा नका नेऊ.
त्यातल्याही किती सुऱ्या बाहेर यायच्या?

आमच्याकडे होता.
कार्मे गेल्यावर मी खण आवरला.
दहा पाती, कारखान्याचं तेल अजून अंगावर.
आणि एक छोटी, बाजारात ढिगातून घेतलेली,
झिजून झिजून विलोच्या पानाएवढी,
मुठीला काळी चिकटपट्टी. वायरमनची.
पट्टी मीच गुंडाळून दिली होती.
तेहतीस वर्षं दुकान माझं,
आणि तिने एक बरी सुरी मागितली नाही,
मीही कधी संध्याकाळी खिशात घालून...
असो. दातेरी बघू.

काय?
स्टेकच्या सहाही हव्यात?
लोक जेवायला येणार म्हणता. कधी? अजून ठरलं नाही.
पण येणार.
हं.
हा हिशेब माझ्या डोक्यात नव्हता.
मी आपला एका कपावरून बेरीज करत बसलो.

थांबा, मोडतो संच.
हो, काचेतलाच. दुसरा नाहीये.
सहा काढल्यावर बघा कसा दिसतोय,
दात पडलेल्या पाद्र्यासारखा.
राहू दे तिथेच. विचारलं कुणी
तर सांगेन, नग आठ.

एकेक कागदात गुंडाळतो, कालचंच वर्तमानपत्र आहे.
मोठी वेगळी, तिला हातातच न्या.
टोक जमिनीकडे ठेवून चाला,
चढण ओली आहे.