येते

पहाटे चारला मस्कतला उतरलो,
बाहेरची हवा ओल्या पंचासारखी तोंडावर.
सातजण, निळे टी-शर्ट, पाठीवरच्या वचनातलं
एक अक्षर अकरा दिवसांत धुऊन गेलेलं.
बॅगा येईपर्यंत प्रार्थना करू या, उजगरे अंकल म्हणाले,
मग आजूबाजूला बघून म्हणाले, मनातल्या मनात.
इथं ते मनातच ठेवायचं असतं.
तिथं मोठ्यानं करून घसा बसला होता.

टांझानियातलं ते गाव. आम्ही शाळेची भिंत रंगवली.
शिडीखाली उभा एक मुलगा काहीतरी विचारत होता,
दुभाष्या सांगेना. फारच मागे लागले तेव्हा म्हणाला,
विचारतोय, दरवर्षी निळाच का?
सगळे हसले. मी जरा उशिरा.
भिंत खरवडली तेव्हा खालून निळाच निघाला होता.

माझी साक्ष मी रात्रभर पाठ केली होती:
जालन्याची नर्स, नाइट ड्यूट्या, ते आजारपण, मग उजेड.
पुढच्या बाकावर बिबी नीमा, एक डोळा दुधाळ,
माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवणारी.
नंतर कळलं, आजोबांपासून ती विश्वासात.
उठली, माझं मनगट धरलं,
जणू मीच पेशंट आणि ती नाडी बघतेय,
आणि तिनंच माझ्यासाठी प्रार्थना केली, बरीच लांब.
मला एकच शब्द कळला, ओमान.
दुभाष्या म्हणाला, ही घरापासून लांब आहे,
हिला घरी पोचव, म्हणतेय.

निघताना सवयीनं तोंडातून गेलं, येते.
त्यानं विचारलं, म्हणजे?
म्हटलं, परत येईन.
त्यानं तिला तसंच सांगितलं.
ती म्हणाली, कधी?

टॅक्सीवाल्यानं बॅग डिकीत टाकली,
माझी जीभ अजून तिकडेच, म्हटलं, असांते.
थांबला तो. भरतकामाची टोपी मागे सारली.
नासोर नाव. आई झांजिबारची.
ती गेल्यापासून घरात ही भाषा बोलायला कुणी नाही,
एवढं हिंदीत सांगून
रुवीपर्यंत तो त्याच भाषेत बोलत राहिला.
मला सोळा शब्द येतात, त्यातले चार भेटले.
मी मान हलवत होते, नीमासारखी.
डोंगर काळेच होते अजून. फजरची बांग झाली,
त्यानं रेडिओ बारीक केला.
इमारतीखाली, लाँड्रीच्या दिव्यात, म्हणाला,
करिबू न्युंबानी.
घरी स्वागत.
माझ्या रेसिडेंट कार्डाची मुदत मार्चपर्यंत आहे.
भाडं त्यानं पूर्ण घेतलं, वर रात्रीचे पाचशे बैसा.

शुक्रवारी मल्याळी उपासना सुटली की
आमच्या तासात मला पाच मिनिटं.
पाळक भांबळांचा मेसेज आलाय, आकडे सांगा, फोटो मोजके.
भिंत एक. रंगाचे डबे नऊ. औषधं दोन पेट्या.
नासोरला कुठल्या रकान्यात लिहू?

किल्लीनं दार उघडलं. कुकरमध्ये माझ्यापुरता भात,
एसीखालची बादली काठोकाठ.
आतून, अंधारातून, शमुवेल म्हणाला, आलीस?

बूट काढायला खाली बसले.
तळव्यांच्या खोबणीखोबणीत लाल माती,
सुईनंच काढावी लागेल.
आले, म्हटलं.
तो पुन्हा झोपला.
मी तशीच, एक बूट हातात.