मधला उंचवटा

दस्तगीर मुजावर म्हणतो, बंद केली त्याचं कारण सोपं आहे.
इंजिन पुढं, जोर मागच्या चाकांना,
मग मधे एवढा लांब शाफ्ट फिरवत न्यायचा कशाला?
पुढचीच चाकं ओढतात की.
लोखंड वाचतं, डिझेल वाचतं,
गाडीचा तळ सपाट होतो.

तो उंचवटा माझी जागा होती.
बाबगोंडा काकांची काळी गाडी,
हळदीच्या सौद्याहून परतताना
दोन मोठ्यांच्या मधे मी,
एक पाय इकडं, एक पाय तिकडं,
आणि टाचांच्या मधून
सगळा मिरज रोड गरम होऊन फिरत जायचा.

दंडोबाच्या चढाला काका म्हणायचे, रेला मागं,
वजन पडलं की चाकं जमीन धरत्यात.
आम्ही पाचजण रेलायचो.
उपयोगी पडायचो.

आता लोकांना उंच बसायचंय, दस्तगीर म्हणतो.
असलं लांब नाक घेऊन गणपती पेठेत वळायचं कुठं?
आणि वर्षाला चार खपल्या
तर कारखाना कुणासाठी चालवायचा?

मी मान हलवते. हिशोब बरोबर आहे.
माझीही गाडी सपाट तळाचीच.
मुलगी मधे बसते,
पाय कुठं ठेवू, तिनं कधी विचारलं नाही.

काकांची गाडी भंगारात गेली तेव्हा
शाफ्ट तेवढा दस्तगीरनं ठेवून घेतला.
गॅरेजच्या पत्र्याला टेकू म्हणून उभा आहे.
निघताना हात लावून पाहिला.
थंड.

"क्रॉस अजून चांगले आहेत त्याचे," तो म्हणाला,
आणि ग्रीसचं बोट पँटला पुसलं.