साडेएकोणीस तास

कास्सलच्या टोकाला, ट्राम जिथे वळसा घेऊन परत फिरते,
तिथल्या एका तळघरात
आमच्याकडे एक सूर्य आहे.
राखाडी खोका, फ्रिजहून थोडा बुटका,
मागे पंखा, एक चाक मोडलेलं, त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा.
सकाळी आठला मी त्याला उगवायला लावते.

बाहेर नोव्हेंबर. फुल्दा नदीचं धुकं
पार्किंगच्या खांबांना आठ दिवस चिकटून बसलंय.
आत मी पडद्यावर टाइप करते: मार्च, निरभ्र, सकाळचे दहा.
मग एक ढग.
ढगालाही आकडे लागतात :
आठशेवरून दोनशेवर, दोन सेकंदांत.
इन्व्हर्टर गडबडतो, सावरतो, पुन्हा चाचपडू लागतो :
व्होल्टेज जरासं वर. जास्त मिळालं? अजून थोडं वर.
कमी झालं? मुकाट मागे.
पुस्तकात याला अल्गोरिदम म्हणतात.
माझी आई वडिलांशी असंच बोलायची.

करारात लिहिलंय, आठवड्याला साडेएकोणीस तास.
उरलेले वडिलांचे.
बाराला मी उठते, सव्वाबाराला तुंजाय येतो,
त्याचे साडेएकोणीस तास, त्याच्या खुर्चीची उंची,
त्याचं सोल्डरिंगचं बारीक टोक, जे मी वापरलेलं त्याला कळतं.
नोकरी एक, टेबल एक, माणसं दोन.
तीन वर्षांत भेटलो असू पाचदा.
बोलणं सगळं पिवळ्या चिठ्ठ्यांवर :
‘चौदा नंबरचा कपॅसिटर फुगलाय. हात लावू नकोस, अजून भरलेला आहे.’
‘तुझी केळी काळी पडली होती. टाकली. सॉरी.’
‘ड्रायव्हर बदलला. आता शिट्टी ऐकू येत नाही. तुला येते?’
मी खाली लिहिलं, ‘हो.’
बिचारा आठवडाभर कान देऊन बसला असेल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते,
आत स्विचांची जोडी असते, एक वरचा, एक खालचा.
वरचा चालू तेव्हा खालचा बंद, खालचा चालू तेव्हा वरचा.
दोघे एकदम चालू झाले की
धप्प.
आणि तो वास, जो स्वेटरमधून दोन धुण्यांत जात नाही.
म्हणून मध्ये एवढीशी फट ठेवतात,
चारशे नॅनोसेकंद, ज्यात कुणीच चालू नसतं.
डेड टाइम.
फार ठेवला तर लाट वेडीवाकडी होते.
कमी ठेवला तर, वर सांगितलंच.

माझा बत्तीस मिनिटांचा आहे, ट्राममध्ये.
त्यात मी कुणाची इंजिनिअर नसते, कुणाची मुलगीही नसते.
खिडकीशी बसून चीज-ब्रेड खाते.
कधी डोळा लागतो आणि स्टॉप मागे पडतो,
तेव्हा उलट चालत येताना
घाई करायला हवी हे माहीत असून मी करत नाही.

पापा रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात फिटर होते.
बोटं अजून ब्लँकेटच्या काठावर आटे मोजतात.
आई गेली हे त्यांना दर रविवारी नव्याने कळतं.
‘आज काय केलंस?’
‘ढग केले.’
‘किती?’
‘एकोणचाळीस.’
ते मान डोलावतात, आकडा त्यांना पटलेला असतो.
‘टिकलं?’
‘अडतीसदा.’
सूप निवतं. चमचा तसाच हातात.
‘मग त्या एकाचं काय झालं?’

संध्याकाळभर तेच. औषधांच्या बिलामागे मी आलेख काढला,
खोडला. त्यांना झोपवलं. पुन्हा काढला.

सकाळी टेबलावर चिठ्ठी होती, जरा मोठी,
दोन कागद टेपने जोडलेले :
‘मारेन, तुझा एकोणचाळिसावा मी पुन्हा चालवून पाहिला.
दोष ढगाचा नाही. त्याच्या आधीच्या उन्हाचा आहे.
चाळीस मिनिटं सलग ऊन, कपॅसिटर तापून थकला होता.
ढग फक्त वेळेवर आला.’

कोट न काढताच मी उभी राहिले.
सूर्य अजून बंद होता. पंखाही.
वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली.
मग पेन शोधलं आणि लिहिलं,
‘एकदा साडेअकरालाच ये. कॉफी मी आणते.
धप्प झालं तर होऊ दे.’