पासंग

फोन साडेचारला येणार होता,
म्हणून मी दुकानात येऊन बसले.
घरी आईचा शिवणक्लास, सहा मुली, एक पिको मशीन.
इथे दांडिया बाजारात निदान
मागच्या कपाटाआड एक स्टूल आहे.

पप्पा सोनाराचा काटा उघडून बसले होते,
काचेच्या पेटीतला, जुना.
असे आता वर्षाला चार-पाच येतात.
बाकी सगळे बॅटरीवाले,
त्यांची दुरुस्ती म्हणजे फेका आणि नवा घ्या.

बंगळूरहून नवनीता बोलत होती.
आवाज इतका गोड, की
तिलाही कोणीतरी पढवूनच बसवलं असणार.
सध्या किती मिळतात?
मी खरं ते सांगितलं. सहा वीस.
सांगताना आवाज
जिना उतरावा तसा उतरत गेला.

मग आपण नऊ करू, ती म्हणाली.
शिवाय थोडे शेअर, चार वर्षांनी पिकणारे,
दुपारचं जेवण,
आणि ऑफिसात कुत्रा आणायची मुभा.
माझ्याकडे कुत्रा नाही, मी म्हणाले.
ती खळखळून हसली.
मला वाटलं, झालं.
एवढं हसल्यावर कोण घासाघीस करतं?

दहा मिनिटं मागून घेतली.

पप्पांनी मान वर केली नाही.
चिमट्याने पारड्याखालची बारीक तार सोडवत होते,
कुणीतरी कधीतरी गुंडाळलेली.
"नऊत बोनस धरलाय?"
धरलाय.
"पीएफमधला त्यांचा वाटा?"
तोही.
"मग ऋजुता, माल टाकायच्या आधी
रिकामा काटा बघायचा असतो."

बिलबुकाच्या पाठीवर मी वजाबाकी मांडली.
एका खोलीचं भाडं चोवीस हजार,
सहा महिन्यांचं डिपॉझिट,
रात्री उशिराची रिक्षा,
दिवाळीला बडोद्याचं तिकीट.
उरलं ते इथे उरतं त्याहून कमी.
चार वर्षांनी पिकणारे शेअर
पासंगालाही पुरायचे नाहीत.

"आकडा ठेवलास की हात काढ," पप्पा म्हणाले.
"काटा हलतो. हलू दे.
कच्चा दुकानदार तेवढ्यात घाबरतो
आणि मूठभर उगाच जास्त घालतो."

साडेबारा, मी फोनवर म्हणाले. बोनस बाहेर.
आणि हात काढला.

पलीकडे काही नाही.
बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं,
आवो, आवो, आवो.
माझ्या दातांशी येऊन थांबलं होतं,
म्हणजे बघा,
अकराही चालतील,
तुमचं बजेट असेल तसं,
मी समजू शकते.
मी काही समजून घेतलं नाही.
स्टुलाची कड धरून बसले.
पेटीत सोन्याचा काटा डावीकडे गेला,
उजवीकडे गेला,
पुन्हा डावीकडे, जरा कमी.

विचारून सांगते, नवनीता म्हणाली.
या वेळी आवाज गोड नव्हता,
माझ्यासारखाच होता, दमलेला.

मेल दुसऱ्या दिवशी आलं,
अकरा चाळीस, बोनस बाहेर,
आणि मी हो लिहिलं, दोन वेळा शुद्धलेखन तपासून.
पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं.

दिवे लागल्यावर रजनीभाई काटा न्यायला आले.
एक तांदळाचा दाणा टाकून बघितला,
काडीने उचलून पुन्हा टाकला.
काटा पाण्यासारखा चालत होता.
"बोलो, केटला थया?"

पप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.
"तीनसो."

रजनीभाई काहीच बोलले नाहीत.
चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
काचेवर फुंकर मारली, पुन्हा पुसला.
मी मनात मोजत होते, चार, पाच, सहा,
राहा, पप्पा, हात काढून राहा,

"चालो," पप्पा म्हणाले,
"दोढसो आपो."
आणि दाण्यासकट पेटी
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून,
सुतळीची गाठ जरा सैलच बांधून दिली.